मेडिकलच्या पावतीवरची वेळ : एका प्रकरणाचा अभ्यास

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती, पिशवीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. जून २०२३. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, किती वेळ लागेल? माझ्याकडं वीस मिनिटं आहेत."

मला वाटलं, बाहेर रिक्षा थांबवली असेल. खरं कारण तिसऱ्या भेटीत कळलं. मेडिकलच्या पावतीवर वेळ छापलेली असते. दुकान ते घर चालत बारा मिनिटं. घरी पावती दाखवायची असते. आमच्या समुपदेशन केंद्रात ती जितका वेळ बसायची तो पावतीवरची वेळ आणि दारावरची बेल यांच्यामधून काढलेला असायचा. "मेडिकलला गर्दी होती" हे वीस मिनिटं पुरायचं, त्याच्या पुढे नाही.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी अकरा वर्षं समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं बरंच बदललं आहे आणि एक-दोन तपशील तशाच दुसऱ्या प्रकरणातून घेतले आहेत. लिहायचं कारण असं की या प्रकरणात हिंसा ओळखायला मला पाच महिने लागले, आणि तोवर ती माझ्यासमोर चार वेळा बसून गेली होती.

येण्याचं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला माझा स्वभाव सुधारायचाय. मी फार विसरते. चिडते पण. माझ्यामुळं घरात सगळ्यांना त्रास होतो." नवऱ्याबद्दल तक्रार आहे का, असं विचारल्यावर ती जवळजवळ दचकली. "छे छे. ते फार शांत आहेत. हात तर कधी उचललेला नाही." मी फॉर्मवर लिहिलं : ताणतणाव, विस्मरण, किरकोळ कौटुंबिक वाद. तो कागद अजून फाइलमध्ये पहिल्या पानाला आहे. बदलायचा मोह होतो, पण बदललेला नाही.

वय ३४. अनुदानित प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न २०१३ चं, मुलगी आठ वर्षांची. नवरा पतसंस्थेत वसुलीला. दारू नाही, तंबाखू नाही, गल्लीतल्या गणपती मंडळाचा खजिनदार. कुणाच्या घरी मयत झालं की खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस. जाऊबाई म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. तिलाही तसंच वाटायचं, म्हणून तर दोष स्वतःतच असणार हे तिने ठरवून टाकलेलं.

आमच्याकडे बाई आली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "मारतो का?" नाही म्हटलं की आमची पेन्सिल थोडी सैल होते. ठाण्यात, माहेरी, कोर्टाच्या व्हरांड्यातही तेच. कायदा मात्र इतका आंधळा नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक हिंसेच्या बरोबरीनेच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसा मोडते. शिवाय त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, जे वकीलसुद्धा फारसं वाचत नाहीत : एखादी गोष्ट हिंसा ठरते की नाही हे पाहताना प्रकरणातली एकूण परिस्थिती विचारात घ्यायची. या बाईच्या बाबतीत सगळी गोम त्या 'एकूण' शब्दात होती. एकेक गोष्ट सुटी काढून बघितली तर कुठलीच गुन्ह्यासारखी दिसत नव्हती.

वही

दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून एक वही काढली. विसरभोळेपणावर उपाय म्हणून ती हिशेब लिहिते, असं सांगत. शंभर पानी, आडव्या रेघांची, कव्हरवर तिच्याच सुंदर अक्षरात 'घरखर्च'. मी मध्येच कुठेतरी उघडली.

कोथिंबीर १०. रिक्षा ३०. झेरॉक्स ४. पेन ५.

प्रत्येक ओळीच्या पुढे लाल शाईची बरोबरची खूण. 'पेन ५' भोवती लाल गोल आणि त्याखाली वेगळ्या, ठाशीव अक्षरात एकच शब्द : 'कारण?' त्याच्या खाली तिने लिहिलं होतं : 'वर्गातल्या मुलीकडे पेन नव्हते. पुन्हा होणार नाही.'

दिवसभर चाळीस मुलांच्या वह्या तपासणारी बाई. संध्याकाळी तिची वही तपासली जाते. मी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि तरीही तेव्हा मनात आलं ते एवढंच की नवरा जरा चिकट आहे. वसुलीचा माणूस, असणारच.

हळूहळू व्यवस्था उलगडली. तिचा पगार तेव्हा हातात ४२ हजारांच्या आसपास येत होता. खातं दोघांचं, एटीएम कार्ड त्याच्याकडे, बँकेला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा, त्यामुळे ओटीपीही त्याच्याच फोनवर. दर सोमवारी तिला ७०० रुपये मिळत. त्यातून रिक्षा, भाजी, मुलीची वही-पेन्सिल, तिची महिन्याची पाकिटं. एकदा मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणलं, तर 'आगाऊ खर्च' असा शेरा आला. तिला स्वतःच्या खात्यात किती पैसे आहेत हे माहीत नव्हतं. "विचारलं नाही कधी. विचारलं की ते दोन दिवस बोलत नाहीत."

बोलत नाहीत म्हणजे काय, असं मी विचारलं. म्हणजे घरात ती नसल्यासारखी वागणूक. ताट वाढलं तरी उठून स्वतः वाढून घ्यायचं. मुलीला सांगायचं, "तुझ्या आईला सांग, दिवा बंद कर." सासूबाईही त्यात सामील, कारण मुलाच्या मागे जाणं त्यांना सोपं. दोन दिवसांनी ही माफी मागायची. कशाबद्दल, ते तिला बऱ्याचदा आठवायचं नाही, आणि मग तेही तिच्या विसरभोळेपणात जमा व्हायचं.

त्या विसरभोळेपणाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. स्कूटीची किल्ली, शाळेच्या कपाटाची चावी, लाइटबिल अशा वस्तू ती 'विसरून' भलतीकडे ठेवायची आणि नवरा शांतपणे शोधून द्यायचा. एकदा मुलगी सोबत आली होती. चित्रं काढता काढता, मान वर न करता म्हणाली, "किल्ली पप्पांनी फ्रीजवर ठेवलेली. मी बघितली." आई म्हणाली, "नाही गं, मीच ठेवली असेल." आपल्याकडे चकवा लागणं म्हणतात. माणूस ओळखीच्या माळावर रात्रभर गोल फिरत राहतो आणि त्याला वाटतं आपलंच चुकतंय. इथे चकवा लावणारा घरातच होता.

तिसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, "ताई, गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही काय काय करायचं बंद केलंत?" हा प्रश्न मला कुणी शिकवलेला नव्हता. तिच्याकडे वेळ थोडा होता आणि 'त्रास काय' विचारलं की ती स्वतःचेच दोष सांगायची, म्हणून उलट बाजूने गेले. ती बराच वेळ गप्प बसली. मग बोटांवर मोजायला लागली. भिशी सोडली. मैत्रिणीला फोन करणं सोडलं, कारण कॉल किती मिनिटांचा हे रात्री बघितलं जातं. शेजारचं हळदीकुंकू. शाळेची सहल. स्टाफरूममधला दुपारचा चहा, कारण तिथे सर लोकही बसतात. गजरा. भाजीवालीशी घासाघीस करताना हसणं.

"त्यांनी नको म्हटलं?"

"नाही हो. ते कशालाच नाही म्हणत नाहीत. मीच सोडलं. वाद नको म्हणून."

'वाद नको म्हणून' हे तीन शब्द त्या भेटीत सात वेळा आले. मी कागदावर रेघा मारल्या होत्या. घरात वाद होत नव्हते हे खरंच होतं. वाद होण्यासारखं जे जे होतं ते तिने आधीच काढून टाकलेलं. तिला कुणी कोंडलं नव्हतं, फक्त घराच्या भिंती दरवर्षी वीतभर आत सरकत होत्या आणि सरकवायचं काम तिच्याच हातून होत होतं.

माझी चूक

इथपर्यंत ऐकून मला थांबायला हवं होतं. मी ऑगस्टमध्ये नवऱ्याला बोलावून संयुक्त बैठक लावली.

आमच्या क्षेत्रात ही सवय जुनी आहे. नांदणारं जोडपं असलं की दोघांना समोरासमोर बसवायचं, दोघांचं ऐकायचं, मधला मार्ग काढायचा. भांडण दोन बरोबरीच्या माणसांचं असेल तर ते ठीकच. एक माणूस दुसऱ्याला भीत असेल तर त्या खोलीत बोलतो एकच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमावलीत समुपदेशनाबद्दल १४ वा नियम आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की समोरच्या पक्षाला हिंसेचं समर्थन करायला वाव द्यायचा नाही. मी तो नियम प्रशिक्षणात दोनदा वाचलेला आहे.

तो वेळेवर आला. फाइल घेऊन. माझ्या टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवून दिला. म्हणाला, "मॅडम, मी हिला कधी बोट तरी लावलंय का, तिलाच विचारा." ती म्हणाली, नाही. मग त्याने फाइल उघडली : मुलीच्या नावची ठेव, घराचं रंगकाम, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. "घर चालवायचं म्हणजे हिशेब नको का?" मी मान डोलावली. हिशेब हवाच की! शेवटी दोघांनी एकमेकांशी शांतपणे बोलावं, घरच्यांचा मान ठेवावा, अशा अर्थाचं सहमतीपत्र झालं. तिने सही केली. त्याने झेरॉक्स मागितली.

त्या तासाभरात माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते नंतर एकेक करून आठवत गेलं. तिचं वय मी तिला विचारलं, उत्तर त्याने दिलं. प्रत्येक उत्तराआधी ती त्याच्याकडे बघायची, आणि तो बघायचा माझ्याकडे. त्याने किरकोळ विनोद केला तेव्हा ती पहिल्यांदा हसली, पण त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत. आणि फोन. बैठक सुरू होताना तिचा फोन वाजला, त्याने तिच्या हातातून तो घेतला, सायलेंट केला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. दाराबाहेर पडताना परत दिला. मला तेव्हा वाटलं होतं, किती समंजस माणूस आहे.

त्या रात्री जेवताना त्याने सहमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आईला आणि मुलीलाही. मग वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली : 'समुपदेशन, रिक्षा ६०.' आधीच्या भेटींमध्ये ती काय काय बोलली, ते तो पुढचे अनेक दिवस विचारत राहिला, न ओरडता, झोपायच्या वेळी, तिला झोप लागली की उठवून. हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. मधले तीन महिने ती आलीच नाही. मी फाइलवर 'समझोता' लिहून ती कपाटात ठेवली होती.

पुस्तकी चौकटीबद्दल एक सांगायला हवं. प्रशिक्षणात आम्हाला हिंसेचं चक्र शिकवतात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलेलं : ताण साचतो, स्फोट होतो, मग माफी आणि गोडीगुलाबी, आणि पुन्हा ताण. बऱ्याच घरांत ते तंतोतंत बसतं. रात्री मारहाण आणि सकाळी साडी असं मी कित्येकदा ऐकलंय. या घरात ना स्फोट होता ना माफी. मी चक्र शोधत होते, ते सापडलं नाही, म्हणून मला हिंसाही सापडली नाही. अमेरिकेतल्या डुलुथ गावी १९८४ मध्ये मार खाल्लेल्या बायकांशी बोलून चाकाची एक वेगळी आकृती तयार झाली होती. तिच्या केंद्रात सत्ता आणि नियंत्रण आहे, आणि आऱ्यांमध्ये पैसा, एकटं पाडणं, मुलांचा वापर, 'काही झालंच नाही' म्हणणं अशा गोष्टी. ती आकृती आमच्या केंद्राच्या भिंतीवर लावलेली आहे. सहमतीपत्रावर सह्या झाल्या त्या टेबलाच्या बरोबर वर.

भाऊबीज

नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शाळेतल्या सहकारी बाईंच्या फोनवरून ती बोलत होती. आवाज घोगरा. "घसा बसलाय," म्हणाली, आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

भाऊबीजेला ती माहेरी निघाली होती. दोन वर्षांनी. त्याने नाही म्हटलं नव्हतं. "जा ना," म्हणाला होता. ती स्वयंपाकघरात डबा भरत होती. तो आत आला, तिला फ्रीजला टेकवलं आणि एका हाताने गळा धरला. काही बोलला नाही. किती वेळ ते तिला सांगता येईना, डोळ्यांसमोर अंधारी आली एवढं आठवत होतं. मग हात काढला, तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाला, "गाडी चुकेल."

ती खरोखरच एसटीने माहेरी गेली. ओवाळलं. परत आली.

"मारलं नाही हो मॅडम. फक्त धरलं."

या एका वाक्यासाठी हे सगळं लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. गळा दाबण्याला आपल्याकडे कुणी मोजतच नाही. रक्त नाही, वळ नाही, हाड मोडलेलं नाही. बाहेरून खूण न दिसणं हे गळा दाबल्यावर अगदी नेहमीचं आहे. आत मात्र आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके येतात, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीसुद्धा पक्षाघात होऊ शकतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. माझ्या मते मारण्यापेक्षा ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. मारणारा रागात असू शकतो. हा माणूस पदर नीट करत होता.

तिला त्याच दिवशी शाळेतून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान बघितली, वळ नाही म्हणाले आणि गोळ्या लिहायला लागले. मला थोडं अडून बसावं लागलं. घोगरा आवाज, गिळताना वेदना, उजव्या डोळ्यातले ठिपके आणि 'पतीने हाताने गळा दाबला' हे तिचे शब्द केसपेपरवर आले तेव्हाच आम्ही उठलो. पीडित बाईने मागितलं तर दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात, हे याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, आणि त्यासाठी पोलीस तक्रार आधी असावी लागत नाही.

आणि मग ती घरी परत गेली.

मी थांबवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, मुलगी तिथे आहे, सर्टिफिकेटं तिथे आहेत, पगार त्याच्या हातात आहे, आज निघाले तर रिकाम्या हाताने निघेन. तिचं बरोबर होतं. बाई घर सोडते तेव्हाचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, आणि तयारीविना सोडलं तर बऱ्याचदा चार दिवसांत परत यावं लागतं. आम्ही नऊ दिवस मागून घेतले. ते नऊ दिवस मी नीट झोपले नाही, एवढंच माझं.

पहिला अडथळा फोनचाच निघाला. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर उघडलेलं होतं. सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये दिसलं. ते लगेच काढायचं नाही असं ठरवलं, कारण काढलं की त्याला कळणार. त्या फोनवर नेहमीसारखंच बोलत राहायचं. नवं सिमकार्ड सहकारी बाईंच्या कपाटात. आधारला जोडलेला नंबरही त्याचाच होता. पण आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायला अंगठा पुरतो, जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. दुपारच्या सुट्टीत ते झालं. मग दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाचं खातं, आणि पुढचा पगार त्यात जमा करण्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं नाही. बरं केलं.

डीएड आणि दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, मुलीचा जन्मदाखला, लग्नपत्रिका, स्त्रीधनाच्या पावत्या रोज एक-दोन करून मुलांच्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून बाहेर आल्या. ती वहीही. एक सांकेतिक शब्द ठरवला. सहकारी बाईंना तिने 'निळं रजिस्टर सापडत नाही' असं म्हटलं की त्यांनी ११२ ला फोन करायचा. तो वापरावा लागला नाही. दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आणि मुलगी भावाकडे गेल्या.

माहेर

भाऊ म्हणाला, "ठेवून घेतो, पण मिटवून टाक." आई म्हणाली, "हात तर उचलत नाही ना? पैशाचं काय, पुरुष बघतातच." दोघंही वाईट नाहीत. त्यांना जावयाने आईच्या ऑपरेशनला केलेली धावपळ आठवत होती, आणि ती खोटी नव्हती.

ओळखलं होतं वहिनीने, आणि बरंच आधी. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आमच्याकडं जेवायला बसलात की दर घासाला घड्याळ बघता. मला वाटायचं शाळेची सवय असेल. मग सुट्टीत पण बघायला लागलात." आणखीही एक. फोनवर बोलताना नणंदेचा आवाज अचानक मोठा आणि आनंदी झाला की नवरा खोलीत आलाय हे वहिनीला कळायचं. तिने हे नवऱ्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नकोस. बाहेरच्या कुणीही, शेजारणीनेसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, अशी माहिती दिली तर चालते. कलम ४ मध्ये तशी सोय आहे आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर कसलीही जबाबदारी येत नाही. वहिनीला हे माहीत असतं तरी तिने फोन केला असता का, मला सांगता येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींमागे एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात अशा हिंसेनंतर मदत मागणाऱ्या बायका जेमतेम १४ टक्के. आपली बाई भाऊबीजेपर्यंत त्या चौथ्या हिश्शात नव्हती. मात्र त्याच प्रश्नावलीत आणखीही प्रश्न असतात : नवरा तुम्ही कुठे आहात हे सारखं विचारतो का, माहेरच्यांशी संबंध तोडायला बघतो का, परपुरुषाशी बोललं तर त्याला राग येतो का. त्या पानावर तिने दहा वर्षांपूर्वीच 'हो' म्हटलं असतं.

कोर्ट

तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांनी घरगुती घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची कोर्टासाठीची अधिकृत नोंद, भरला. नमुन्यात आर्थिक हिंसाचाराचा भाग वेगळा आहे. तिथे वहीच्या ६२ पानांच्या प्रती जोडल्या. वकील विधी सेवा समितीकडून मोफत मिळाला. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे तिचा पगार आड आला नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज झाला. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. पहिली तारीख पाचव्या आठवड्यात लागली. समन्स 'पत्ता सापडला नाही' म्हणून एकदा परत आलं होतं, ज्या पत्त्यावर मंडळाच्या गणपतीची आरती होते त्या पत्त्यावरून.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "हिशेब ठेवणं हा गुन्हा आहे का?" ऑगस्टमध्ये मी ज्यावर मान डोलावली होती तोच प्रश्न. आमच्या वकिलांनी भाषण केलं नाही. त्यांनी पेनचं पान उघडून पुढे केलं आणि म्हणाले, दोघांच्या खात्यातला पगार आहे, तर साहेबांच्या खर्चाची वही कुठे आहे? ती नव्हती.

दुसरा मुद्दा घराचा होता : घर सासूबाईंच्या नावावर आहे, सुनेचा तिथे हक्क नाही. पूर्वी हे चालायचं. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, त्यामुळे तो मुद्दा टिकला नाही. दवाखान्याच्या केसपेपरचा मात्र मोठा उपयोग झाला. कलम २३ खाली अंतरिम आदेश आला : त्याने तिच्या शाळेच्या आवारात यायचं नाही, फोन किंवा दुसऱ्याकरवी संपर्क करायचा नाही, दागिने परत करायचे, मुलीसाठी दरमहा खर्च द्यायचा. असा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिने मुख्याध्यापकांना दिली आणि एक नेहमी पर्समध्ये ठेवली.

फौजदारी तक्रार तिने केली नाही. ठाण्यात "४९८ करायचं का?" (म्हणजे सासरच्या छळाचा गुन्हा नोंदवायचा का) असं दोघांनी विचारलं, एकाने समजावण्याच्या सुरात, एकाने दमात. ती नाही म्हणाली. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण ठरवायचं तिने होतं.

सासरी राहण्याचा हक्क मिळत असूनही तिने तो मागितला नाही. शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. नव्या खात्यात पहिला पगार जमा झाला तेव्हा १९ दिवस तिने त्याला हात लावला नाही. विसाव्या दिवशी मुलीला रंगपेटी आणली, आणि मला फोन करून किंमत सांगितली. मी विचारली नव्हती.

अंतिम सुनावणी बाकी आहे. मुलगी दर रविवारी दहा ते एक वडिलांना भेटते. तोच हक्क आहे तिचा आणि त्यांचाही, आणि तिला जायला आवडतं. गेल्या महिन्यात ती तिकडून परत आली तेव्हा तिच्या दप्तरात नवी वही होती. शंभर पानी, आडव्या रेघांची. पप्पांनी खाऊला दर रविवारी ५० रुपये द्यायचं कबूल केलंय, फक्त कशाकशावर खर्च केले ते लिहून आणायचं. पहिल्या पानावर मुलीने लिहिलं होतं : 'चॉकलेट १०. खोडरबर ५.'

आई ती वही घेऊन माझ्याकडे आली. काढून घ्यावी का, विचारत होती. काढून घेतली तर मुलीला काय सांगायचं, हेही. आम्ही दोघी बराच वेळ ती वही मध्ये ठेवून बसलो. पानांच्या प्रती वकिलांकडे दिल्या आहेत. लाल शाई अजून कुठे दिसत नाही.